बी बाजूचं शेवटचं गाणं

टॅक्सी खाली येऊन उभी होती आणि मी ठाण्यात, कोपरीच्या आमच्या घरात टेपरेकॉर्डरपुढे उकिडवी बसले होते. बाबा दारात बॅगा मोजत होते, आई हातावर दही ठेवायला थांबली होती आणि मी माझ्या थोरल्या भावाला म्हणत होते, “दादा, तू पुसलंस.”

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. लग्न होऊन मी कॅनडाला, एडमंटनला निघाले होते. सोबत न्यायला स्टेशनजवळच्या दुकानातून इंग्रजी पॉप गाण्यांची कॅसेट भरून आणली होती. तेव्हा तशी पद्धत होती. आपण यादी द्यायची, दुकानदार कोऱ्या कॅसेटवर गाणी भरायचा, आणि यादी संपून टेप उरली तर स्वतःच्या मर्जीने काहीतरी घालायचा. ही भरतीची गाणी कुणाला ठाऊक नसत. चार्टवर खाली कुठेतरी आठवडाभर रेंगाळून गेलेली, एकेका गाण्यापुरते गायक. कॅसेट घरी आणल्याआणल्या मी वरचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे मोडून टाकले. ते मोडले की कुणाला त्यावर दुसरं काही रेकॉर्ड करता येत नाही.

निघताना पाहते तर बी बाजूच्या खाचेवर सेलोटेप चिकटवलेली. म्हणजे कुणीतरी रेकॉर्डिंगची सोय करून घेतली होती. पहिल्यांदाच शेवटपर्यंत लावून ऐकलं, तर शेवटचं गाणं ओळीच्या मध्येच तुटलं.

दादा म्हणाला, “मी काही पुसलेलं नाही.” आई म्हणाली, “जाताना भांडू नका गं.” मी दादाशी न बोलता जिना उतरले.

तुम्ही जे तिकडे राहिलात त्यांना, आणि माझ्यासारखे निघून आलात त्यांनाही सांगते, मी मुळातच संशयी आहे. घरून आलेल्या मसाल्याच्या पाकिटाचं सील आधी तपासते, मग वास घेते. इथे बेसमेंटमध्ये लाँड्री लावून ती कॅसेट ऐकायचे. बाहेर स्नो, आत ड्रायरची घरघर. शेवटचं गाणं तुटलं की रागाने बटण दाबून बंद करायचे, दर वेळी. पुढे बाबा गेले, मग आई गेली, कोपरीची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि दादा डोंबिवलीला राहायला गेला. आम्ही दिवाळीला फोन करतो. मी जपून बोलते, तोही जपून बोलतो.

हल्ली रिटायर झाल्यापासून मी ती भरतीची गाणी ऑनलाइन शोधते. बरीच सापडली. त्यातली दोन इतकी सुमार निघाली की आपण यांच्यावर जीव टाकत होतो याचीच शंका आली. गेल्या आठवड्यात ते तुटलेलं गाणं मिळालं. त्या काळची बहुतेक गाणी हळूहळू विरत जातात. हे ओळीच्या मध्येच थांबलं, अगदी त्याच शब्दावर. माझा विश्वास बसेना. दुसऱ्या कुणी टाकलेलं ऐकलं, तिसऱ्याने टाकलेलं ऐकलं. खाली कमेंटमध्ये एकाने विचारलं होतं, हे असंच संपतं की माझी रेकॉर्ड खराब आहे? उत्तर होतं, असंच संपतं.

सकाळी दादाला फोन लावला. डोंबिवलीत संध्याकाळ होती. काही न सांगता गाणं ऐकवलं.

“संपलं?” त्याने विचारलं.

“हो. ते तसंच आहे. माझं चुकलं रे दादा.” आणि मग राहवेना म्हणून विचारलंच, “पण मग सेलोटेप कोणी लावलेली?”

“मीच लावलेली,” तो म्हणाला. “गाण्यानंतर थोडी टेप कोरी उरलेली. म्हटलं, तुला आई-बाबांचे चार शब्द भरून देऊ. दोघांना समोर बसवलेलं मी. बाबांनी घसाही खाकरला. पण आई म्हणाली, राहू दे, चुकून तिचं गाणं पुसलं गेलं तर ती तिकडे जन्मभर आपल्यावर संशय घेत बसेल. मग मी बटण दाबलंच नाही.”

मला रडू आलं. आईचा किंवा बाबांचा आवाज आमच्याकडे कुठेच नाही. तेव्हा फोन शेजाऱ्यांकडे होता, आणि फोनवरचं बोलणं साठवून ठेवावं हे आमच्यापैकी कुणाला कधी सुचलं नाही.

“नक्की दाबलं नव्हतंस ना?” मी विचारलं.

“नाही गं,” दादा म्हणाला.

कॅसेट अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. काल जुना प्लेअर मागवला, त्याचा बॉक्स टेबलावर तसाच बंद आहे. ठाण्याला आमचं आता काही उरलेलं नाही. त्या गाण्यानंतरची दोन-तीन मिनिटांची टेप मात्र मी कधीच ऐकलेली नाही, माझं घर म्हणाल तर आता तेवढंच. दादावर मी इतकी वर्षं खोटेपणाचा आळ घेतला. आज मनापासून वाटतंय, या वेळी तरी तो खोटं बोललेला असू दे.