एकशे बारावं पान

"पान कितवं?"

पुस्तकाबद्दल कोणी काहीही बोललं, की ते कानावरची पेन्सिल काढून एवढंच विचारायचे. कौतुक असो की टीका, पान कळल्याशिवाय ते ती स्वीकारत नसत.

सातपूरच्या ज्या कारखान्यात आम्ही दोघं होतो, तिथे ते तपासणी खात्यात होते. यंत्रावरून उतरलेला भाग, म्हणजे जॉब, खराब निघाला, की इतर इन्स्पेक्टर लाल रंग मारून मोकळे होत. हे मात्र खोट सापडेल तिथे खडूने गोल काढायचे आणि ऑपरेटरला बोलावून दाखवायचे. "नुसतं रिजेक्ट म्हणून कसं चालंल? कुठं चुकलं ते त्याला कळाया नको?" साहित्यालाही त्यांनी हाच नियम लावला होता. कामाची शिस्त जेवणाच्या ताटापर्यंत नेणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

गंगापूर रोडच्या एका वाचनालयात आम्ही लिहिणारे महिन्यातल्या एका रविवारी जमत असू. नव्वदच्या दशकातली गोष्ट. त्यांची कथा ऐकून एक प्राध्यापक म्हणाले, "अस्सल मातीचा गंध आहे."

"पान कितवं, सर?"

प्राध्यापकांनी पाणी मागवलं.

मी त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान. मला ते 'लेखक' म्हणत. "काय लेखक, डब्यात काय हाय आज?" माझ्या कथांवर त्यांनी पेन्सिलीने काढलेल्या गोलांनीच मला लिहायला शिकवलं. हे मी तेव्हा कोणाजवळ कबूल केलं नाही.

पुढे आमची पुस्तकं एकाच वर्षी निघाली. माझा कथासंग्रह, आणि त्यांची घोटीच्या भातगिरणीवरची कादंबरी. त्यांचं पुस्तक लोक एकमेकांकडून मागून नेऊ लागले. माझं कोणी विचारेना. तोवर इंटरनेटवर मराठी संकेतस्थळं आली होती. टोपणनाव घ्यावं आणि कोणत्याही पुस्तकावर काहीही लिहावं. मी एक नाव घेऊन स्वतःच्याच संग्रहाची तोंडभर स्तुती केली. एकही प्रतिसाद आला नाही. त्याच आठवड्यात परदेशातल्या कोणीतरी त्यांच्या कादंबरीवर भरभरून लिहिलं. मग मी दुसरं नाव घेतलं आणि लिहिलं, की ही कादंबरी मध्येच मरते, पुढे वाचवत नाही.

खरं तर मी ती चाळीस पानांपुढे वाचलीच नव्हती. हेव्यामुळे वाचवेना.

त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. "माझ्याबद्दल कोण काय लिहितं ते छापून आणत जा," असं त्यांनी मलाच सांगून ठेवलं होतं. माझा अभिप्राय मी वगळू शकलो असतो. मी तो गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवला.

कँटीनमध्ये चहा निवला तरी ते तोच कागद वाचत होते.

"हा माणूस खरा दिसतो," ते म्हणाले. "पण कुठं मरते ते सांगत नाय. इचार त्याला, पान कितवं."

घरी जाऊन मी पुस्तक मधोमध कुठेतरी उघडलं. एकशे बारा. तिथून एक प्रकरण सुरू होत होतं. त्याच टोपणनावाने मी उत्तर लिहिलं, 'एकशे बाराव्या पानापासूनचं प्रकरण', आणि दुसऱ्या दिवशी छापून नेऊन दिलं. त्यांनी कागदाची नीट घडी घालून खिशात ठेवली.

वर्षभराने ते म्हणाले, "ते प्रकरण काढून टाकलं, लेखक. दुसरी आवृत्ती छापायला गेली."

तेव्हा मी ते वाचलं. भातगिरणीच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तिथे कामाला असलेलं नवं जोडपं हातांच्या खुणांनी बोलतं. हळूहळू घरीही खुणाच करू लागतं, कारण तोंडाने म्हणायला लाज वाटते ते हातांना सहज म्हणता येतं. एवढंच. असं मला आयुष्यात एकदाही लिहिता आलेलं नाही.

मी त्यांच्या घरी गेलो. "छपाई थांबवा. पुस्तकातलं सगळ्यात चांगलं प्रकरण ते आहे."

"मग तवा का नाय बोलला?"

मी हातातलं पुस्तक पिशवीत घातलं.

"तू जवळचा हायेस. तुला माझं वाईट दिसायचं नाय," ते समजुतीने म्हणाले. "त्या माणसाचं माझ्याशी काय वैर? तो खोटं कशाला बोलंल?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. वहिनींनी चहा आणला. मी चहा प्यालो आणि उठलो.

तीन वर्षांनी ते गेले. शोकसभा त्याच वाचनालयात झाली. मला बोलायला सांगितलं होतं. भाषण करायचं धाडस झालं नाही, म्हणून मी पहिल्या आवृत्तीतलं ते प्रकरण वाचून दाखवलं. वहिनी समोर बसल्या होत्या. त्यांना वाचता येत नसे.

सभेनंतर त्यांनी मला बाजूला बोलावलं. "भाऊजी, हे आमचं दोघांचं हाय. पहिलं पुस्तक कोणी वाचून दाखवलं नाय. पोरीनं मला नवं सगळं वाचून दाखवलं, त्यात हे नव्हतं. मी म्हटलं, एवढं लिहिलं यांनी, माझ्यावर एक ओळ नाय."

मग त्यांनी विचारलं, "का काढलं असंल?"

"माहीत नाही, वहिनी."

त्यांनी मान हलवली. मग उजव्या हाताची दोन बोटं डाव्या तळव्यावर हलकेच टेकवली आणि तळवा मिटून घेतला. ही खूण त्या प्रकरणात नव्हती. मला ती कळली नाही, आणि त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या.