खुब्याचा सांधा आणि माझं एक खोटं

खुब्याचा सांधा बदलून दोन महिने होतात न होतात तोच तो निखळला. पुढच्या महिन्यात पुन्हा. दोन्ही वेळा मला पुणतांब्याहून संगमनेरला नेलं, भूल देऊन डॉक्टरांनी सांधा जागेवर बसवला, आणि दोन्ही वेळा मी एकच सांगितलं, न्हाणीघरात पाय घसरला. ते खोटं होतं. लग्न होऊन आले तेव्हापासून देवघरासमोर गुडघे टेकून, जमिनीला कपाळ लावूनच माझा नमस्कार. खाली बसू नका, वाकू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण देवासमोर ताठ उभं राहायला मन धजेना. सांधा निखळला तो नमस्कार करतानाच. हे सांगितलं तर देवाला बोल लागेल, असं मला वाटे. म्हणून बिचाऱ्या न्हाणीघरावर आळ घातला.

तिसऱ्यांदा निखळला तेव्हा मात्र धीर सुटला. डॉक्टरांनी तो पुन्हा जागेवर आणला, पण म्हणाले, इतक्यांदा निखळतोय म्हणजे मुळात सांधा बसवण्यातच काही चुकलं असेल, पुन्हा ऑपरेशन करावं लागेल. माझं वय अडुसष्ट, त्यात साखर. यातून आपण उठत नाही, असं मनाने घेतलं. देवाचा रागही आला, आणि राग आला म्हणून भीतीही वाटली.

शेजारच्या खाटेवर हाताला प्लास्टर घातलेली एक ख्रिस्ती बाई होती, माझ्याच वयाची. सकाळी ती खुर्चीत ताठ बसून डोळे मिटून प्रार्थना करत होती. मी विचारलं, "तुमच्यात गुडघे टेकतात ना?"

ती हसली. "टेकायची की. पन माझाबी खुबा बदलल्याला हाय. तवाच देवाला सांगितलं, आता मी खुर्चीतच बसनार, चालत नसंल तर तसं कळव. अजून त्याचा काई निरोप न्हाई आला." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, तुमी कशा पडल्या?"

न्हाणीघर अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याऐवजी रडूच फुटलं. तासाभराने डॉक्टर आले तेव्हा मी सगळं खरं सांगून टाकलं. त्यांनी पुन्हा फोटो काढून पाहिले आणि म्हणाले, सांधा नीट बसलाय, ऑपरेशन नको. कमरेला पट्टा, रोजचा व्यायाम, आणि नमस्कार उभ्याने.

डॉक्टर गेले. उशाशी उभी असलेली माझी सून पुढे आली. ती म्हणाली, "आई, मी रोज दोनदा न्हानीघर घासत हुते. माझ्यामुळंच तुमी पडता, असं वाटायचं मला." देवाचं नाव राखायच्या नादात मी या पोरीला रडवत होते, हे तेव्हा कळलं. मी तिच्यापुढे हात जोडले. तिने ते घट्ट धरले.

त्याला वर्ष होऊन गेलं, सांधा पुन्हा निखळला नाही. त्या बाईला त्याच दिवशी घरी सोडलं. तिचं नाव विचारायचं राहून गेलं. तिची खाट माझ्या शेजारीच कशी आली, याचा मी शोध घेत बसत नाही, नुसती कृतज्ञ आहे. देवाचं नाव सांभाळायला देव समर्थ आहे. मी खरं बोलून बाकीचं त्याच्यावर सोडायचं, एवढंच माझं काम होतं. मुलाने देवघर आता छातीइतकं उंच बसवलंय. मी उभ्यानेच हात जोडते, आणि जुन्या सवयीने वाकू लागले की मागून सून ओरडते, "आई, ताठ!" मग मी हसत ताठ होते.