हिरव्या तोंडाची इंजिनं

भावोजी गेल्याची बातमी मला कुणी आणून दिली नाही, मीच ती सगळ्यांना दिली. सकाळी पेज घेऊन पडवीत गेले तर ते खुर्चीत मान टाकून बसलेले, मांडीवर फडकं आणि फडक्यात त्यांनीच घडवलेला, खेळण्याएवढा मालगाडीचा एक डबा. नव्वदीला टेकलेला माणूस. हात थरथरायला लागल्यापासून नवं काही घडवणं बंद झालं होतं, पण रोज एखादा डबा नाहीतर इंजिन खाली काढायचं, पुसायचं, चाकांना तेलाचा थेंब सोडायचा, हे काही सुटलं नव्हतं. मी म्हटलं, "भावोजी, पेज निवता." पुन्हा म्हटलं. मग फडक्यातला डबा तेवढा काढून घेतला, फळीवर ठेवला आणि शेजारी हाक मारायला गेले...

त्यानंतर आमच्या वालावलच्या घरात माणसांची रीघ लागली. येणारा प्रत्येक जण पडवीतली ती चार इंजिनं बघायचा आणि म्हणायचा, "बिचारे." लग्न नाही, मुलंबाळं नाहीत, नोकरी गेली, रंगही दिसत नव्हते, बिचारे. मी सगळं ऐकून घेतलं. सुतकात भांडू नये एवढं मला कळतं. पण तेरावं झाल्यावर माझा नातू समीर म्हणाला, "आजी, ही इंजिनं आपण गावातल्या शाळेला देऊ या. काचेचं कपाट मी करून देतो. फक्त त्यांची तोंडं तेवढी लाल करून घेऊ. खऱ्या इंजिनाची पुढची पट्टी लाल असते. मोठ्या आजोबांना लाल-हिरव्यातला फरक कळत नव्हता म्हणून ती चुकून हिरवी झाली. पोरं हसतील त्यांना." मुलगा मायेनंच बोलत होता. मी एवढंच म्हटलं, "हसतील तर हसूदेत. पण चुकून नाय." त्याला परतीची गाडी पकडायची होती, सगळं सांगायला वेळ नव्हता. आणि मला वाटलं, आता एकट्या समीरला सांगून भागायचं नाही. म्हणून हे लिहायला बसले.

भावोजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. नाव वसंत, पण घरात आणि गावात सगळे बाबल म्हणायचे. मी लग्न होऊन या घरात आले ती पन्नासच्या पुढच्या सालांत. नवरा मुंबईला नोकरीत, वर्षातून दोनदा येणारा. घरात सासूबाई, मी आणि भावोजी. भावोजीही मुंबईलाच होते आधी, रेल्वेच्या एका शेडमध्ये इंजिनं पुसायच्या कामावर. रात्रपाळी करून आलेलं काळंकुट्ट, तापलेलं धूड तेलाच्या चिंध्यांनी पुसून काढायचं. पुसता पुसता त्या इंजिनाची नस न् नस त्यांच्या हाताला पाठ झाली. पुढची पायरी इंजिनावर चढून कोळसा टाकायची, आणि तिच्या पुढची डायव्हरची. त्या पायरीआधी डोळे तपासतात. अंधाऱ्या खोलीत बसवून डॉक्टरांनी बारीक बारीक दिवे दाखवले, यातला लाल कुठला, हिरवा कुठला. भावोजींना दोन्ही एकसारखे. मला त्यांनी हे एकदाच सांगितलं, तेही हसत. "पिकलेलो आंबो आणि कचो आंबो माका वासान कळता, गो. दिव्याक वास खंय आसता?"

गोदामात काम देतो म्हणाले होते त्यांना. पगार तोच. पण भावोजी म्हणाले, इंजिनार नाय तर खंयच नाय, आणि आगबोटीनं मालवणला उतरून सरळ घरी आले. इथे काय, रेल्वे कुणी पाहिली नव्हती पण रेल्वेबद्दल बोलायला सगळे पुढे. 'आंधळो डायवर' असं नाव पडलं त्यांना. बाजारात कुणी तसं म्हटलं आणि सासूबाईंच्या कानावर गेलं तर त्या तिथेच टोपली खाली ठेवायच्या, "शिरा पडो तुज्या तोंडार" म्हणून सुरुवात करायच्या आणि मग लवकर काही थांबायच्या नाहीत. भावोजी पडवीत छोटंसं इंजिन करायला बसले.

कागदावर आराखडा असा नव्हताच. मापं होती ती सगळी अंगावर घेतलेली. आपल्याकडे विहिरीचं पाणी पुरुषात मोजतात ना, दोन पुरुष पाणी, तीन पुरुष पाणी, तसंच त्यांनी इंजिन मोजलेलं होतं. मोठं चाक एक पुरुष. धुरांड्यापर्यंत अडीच. लांबी किती पुरुष ते शेडमध्ये त्याच्या कडेनं आडवं पडून बघितलेलं, आणि त्यासाठी मुकादमाच्या शिव्या खाल्लेल्या. मग ठरवलं की एका पुरुषाला आपली दोन बोटं. त्या मापानं शिवणीच्या लाकडाचा सांगाडा झाला, त्यावर रॉकेलच्या डब्याचा पत्रा. पत्र्यावर रिव्हेटांचे टिपके उठवायला आतल्या बाजूनं खिळ्याचं टोक हलकेच ठोकायचं, एकेक टिपका, ओळ चुकली की पत्रा फेकून नवा घ्यायचा. कठड्याच्या दांड्या मोडक्या छत्रीच्या काड्यांच्या. चाकं सावंतवाडीच्या एका कातार्‍याकडून कातून आणलेली, त्यांचे आरे मात्र स्वतः कोरलेले. मी जवळ बसून तांदूळ निवडायचे आणि विचारायचे, हे काय, ते काय. मी जन्मात इंजिन पाहिलेलं नव्हतं. ते सांगायचे, आणि तेवढ्यात पोरंटोरं जवळ आली तर खेकसायचे. माणूस गोड नव्हता हो, उगाच गोड करून सांगणार नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात पहिलं इंजिन पुरं होत आलं. अंग काळं झालं, पुढची पट्टी तेवढी लाल करायची राहिली. रंग पडवीच्या कठड्यावर करवंट्यांतून ओळीनं ठेवलेले असत. पहिला काळा, मग लाल, मग डब्यांसाठी हिरवा. भावोजी रंग ओळखायचे ते जागेवरून. पण चतुर्थी जवळ आली म्हणून सासूबाईंनी पडवी सारवायला काढली, करवंट्या उचलून आत ठेवल्या आणि सारवण सुकल्यावर परत मांडल्या. त्यांना काय ठाऊक ओळ कसली. चतुर्थीच्या आदल्या दिवशी भावोजींनी पट्टी रंगवली. मी बघितली, सासूबाईंनी बघितली. आम्हा दोघींना वाटलं, इंजिनाचं तोंड हिरवं असत असेल. घरात ज्याला ठाऊक होतं त्याला दिसत नव्हतं आणि ज्यांना दिसत होतं त्यांना ठाऊक नव्हतं.

गणपतीपुढे, वर टांगलेल्या फुलाफळांच्या माटवीखाली, मधोमध ते इंजिन ठेवलं. संध्याकाळी भजनाला वाडीतली माणसं आली, त्यांत मुंबईहून आलेले चाकरमानीही होते. भावोजींचा चुलतभाऊ तातू त्यातलाच. पहिला अभंग झाला आणि तातूनं टाळ खाली ठेवले.

"रे बाबल, इंजिनाच्या तोंडार शेवाळ इला काय? ह्यां लाल आसता मरे."

कुणीतरी हसलं. मागून आणखी एक आवाज आला, "म्हणान तर तेका इंजिनार चढूक दिल्यानी नाय." मग सगळेच हसले. भावोजींनी इंजिनाकडे बघितलं. त्यांना काय दिसणार? लाल असावं तसंच ते त्यांना दिसत होतं. पण सासूबाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हातात उसळीचं भांडं, त्या तिथेच उभ्या राहिल्या आणि म्हणायला लागल्या, "अरे, त्यो करवंट्यो माज्याकडनाच..."

भावोजींनी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. "मिया हिरवोच मारलंय," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "लाल बघून गाडी थांबता, तातू. माजी थांबाची नाय. आवशी, तू उसळ वाढ. तातूक जास्त वाढ, तेचो घसो सुकलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पडवीत एकटे दिसले तशी मी जवळ गेले. म्हटलं, "भावोजी, चुकान झालां ना?"

"झालां."

"मगे आता लाल मारूया. खंयचो रंग खंय तां मी दाखवतंय. हयसून पुढे रोज दाखवीन."

"तू दाखयलंस तर इंजिन तुजा होतला. माका उसने डोळे नको." मग त्यांनी दोन करवंट्या माझ्या दोन हातांत ठेवल्या. "बघ वजन. लाल जड. शेंदूर आसा तो. हिरवो हलको. हां काल रात्रीपासून माका समाजला. परत चुकूचंय नाय."

खरंच जड होता. मी म्हटलं, मग झालं तर, पुसून टाका ते हिरवं. ते हसले. म्हणाले, "काल साऱ्या वाडयेक सांगलंय, मिया हिरवोच मारलंय म्हणान. आता तां खरां करूक होया."

आणि केलं. त्यानंतर आयुष्यभर त्यांच्या हातून लाल-हिरव्याची चूक झाली नाही. करवंटी उचलायची, तळहातावर क्षणभर तोलायची, मग कुंचला बुडवायचा. मालगाडीचे डबे तांबडे केले, प्रवासी डबे दुसऱ्या रंगाचे केले, ज्याचा रंग त्याला. इंजिनाची पट्टी मात्र दर वेळी हिरवी. सासूबाईंना त्याचं वाईट वाटत राहिलं. आपल्यामुळे झालं हे त्यांना कळत होतं. एकदा त्यांनी विषय काढला तर भावोजी म्हणाले, "आवशी, तू सारवलंस म्हणान माका रंग गावलो. गप रव." त्या दिवसापासून म्हातारी ती हिरवी तोंडं येणाऱ्याजाणाऱ्याला हौसेनं दाखवायला लागली.

साठच्या पुढे कधीतरी, मे महिन्यात, पेडणेकर म्हणून त्यांचा शेडमधला जुना सोबती आमच्याकडे राहायला आला. तो आता डायव्हर झाला होता. पडवीत जमिनीवर बसून, नाक टेकेल इतक्या जवळून त्यानं नुकतंच पुरं झालेलं तिसरं इंजिन बघितलं, कितीतरी वेळ बघितलं आणि म्हणाला, "बाबल, नुसती वाफ येवची रवली." मग त्यानं सांगितलं की शेडमध्ये कामगारांनी हातानं केलेल्या वस्तू मांडणार आहेत, मोठे साहेब येणार आहेत. "मी नेतंय. तुजा नाव लावतंय. फक्त ही पट्टी लाल कर. हिरवी बघून सगळे म्हणतले, तोच तो, डोळ्यान नापास झालेलो."

भावोजींनी इंजिन उचलून फळीवर ठेवलं. पण मी त्यांचा चेहरा बघितला होता. ज्या दारातून काढलं त्याच दारातून आपलं इंजिन आत जाणार, आपल्या नावानं, याची भूक काय असते ती मला त्या दिवशी दिसली. पेडणेकर होता तेवढे दिवस हा माणूस जेवायला बसायचा आणि घास हातात धरून खाडीकडे बघत राहायचा. मला राहवलं नाही. म्हटलं, "करा हो लाल. हय कोण बघूक येतला?" माझ्याकडे त्यांनी असं बघितलं की मी उठून आत गेले.

पेडणेकर निघाला त्या सकाळी भावोजींनी एक कोरा, न रंगवलेला डबा त्याच्यासमोर आणला. डोळे मिटले. करवंट्या एकेक करून तळहातावर तोलल्या, एक बाजूला घेतली, आणि मगच डोळे उघडून तो डबा रंगवायला बसले. तांबडा. एक ओघळ नाही, एक कोपरा सुटलेला नाही. कुंचला खाली ठेवून म्हणाले, "बघलंस? तांबडो माका येता. वाळलो काय ह्यो डबो तू ने. इंजिन हिरवांच रवतला."

"मगे इंजिन माका नेऊक गावाचां नाय रे."

"नेव नको."

"लोक काय म्हणतले ठावक आसा मा?"

"ठावक आसा. धा वर्षां आयकतंय. पण माज्या इंजिनाचो रंग कोणाक विचारून मारूचंय नाय."

पेडणेकर डबा ओला होता म्हणून पुढच्या एसटीपर्यंत थांबला. जाताना भावोजींच्या पाया पडला. दोघं बरोबरीच्या वयाचे, तरी पडला. डबा तेवढा मुंबईला गेला, इंजिन इथेच राहिलं. मी त्या वेळी मनातून फार चिडले होते. एवढा हट्ट कशासाठी, एका बोटभर पट्टीसाठी? आज चिडत नाही. त्या बोटभर जागेवर दुसऱ्या कुणाची सत्ता चालली नाही, एवढं एका माणसाला आयुष्यात मिळालं तर त्याला बिचारा म्हणू नये.

समीर गेल्या आठवड्यात परत आला, कुडाळहून लाल रंगाचा डबा आणि नवा कुंचला घेऊनच. रंग ढवळायला घेतला आणि मी त्याला समोर बसवलं. जे इथे लिहिलं तेच सांगितलं. त्यानं एक इंजिन हातात घेऊन उलटसुलट बघितलं. मग म्हणाला, "म्हणजे त्यांना लाल मारता येत होता?"

"तुज्यापेक्षा बरो."

त्यानं चारही इंजिनं फळीवर नेऊन ठेवली. शाळेत जातील तर अशीच जातील, नाहीतर इथेच राहतील, हे त्याचं तोच म्हणाला. डबा मात्र उघडून ढवळलेला. रंग महाग, वाया कशाला घालवायचा? दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडून अंगणातलं तुळशीवृंदावन रंगवून घेतलं. दोन हात बसले. छान तांबडं झालंय. थोडा उरलाय त्यात दाराची चौकट होईल. घरातलं दुसरं काहीही लाल करायला माझी हरकत नाही.