खाटेखालच्या कोंबड्या

गवंड्याच्या घराला आतून गिलावा नव्हता. अख्ख्या गावाच्या भिंती त्याने ओळंबा लावून सरळ केल्या, पण स्वतःच्या घरात विटा उघड्याच. कुणी विचारलं की म्हणायचा, "करू की, घर कुठं पळून चाललंय?" दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्या घरात त्याची थोरली बहीण राहायची. गवंड्याचा मुलगा, म्हणजे तिचा भाचा, तिला आत्या म्हणायचा, म्हणून भाचेसून म्हणू लागली, मग शेजारी, आणि शेवटी तिच्याहून वयाने मोठी माणसंही तिला आत्याच म्हणायला लागली. त्या नात्याचा हिशेब करण्याच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

नवरा गेल्यावर आत्या भावाकडे आली ती एका हातात पत्र्याची पेटी आणि काखेत एक कोंबडी घेऊन. भावजय तेव्हा हयात होती. तिने कोंबडीकडे पाहून नाक मुरडलं आणि विचारलं, "हिला कुठं ठेवणार?"

"माझ्या खाटेखाली," आत्या म्हणाली, आणि तो विषय तिथेच संपला.

त्या कोंबडीला पिल्लं झाली, पिल्लांना पिल्लं झाली. साबण, तेल, चपला, कशासाठीच आत्याने भावापुढे हात पसरला नाही. दुकानात अंडी द्यायची आणि हवं ते आणायचं. दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्या बाईला स्वतःचं असं काही असलं की मान ताठ राहते, आणि आत्याची मान चांगलीच ताठ होती. एकदाच काय ती तिने उन्हाळ्यात कोंबड्या पडवीत झोपवल्या. सकाळी पिसं तेवढी उरली. रानमांजराने सगळा संसार साफ केला. आत स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात अंडी उबवत बसलेली एक तेवढी वाचली, म्हणून पुन्हा सगळं उभं राहिलं. तेव्हापासून संध्याकाळ झाली की आत्याच्या कोंबड्या कामावरून परतलेल्या माणसांसारख्या उंबरा ओलांडून आत येत आणि खाटेखाली आपापल्या जागी बसत. रानमांजराचं नाव काढलं तरी आत्याचा आवाज बदलायचा.

भाच्याला मुलगी झाली. तिला सगळे मुंगी म्हणत, कारण होतीच तेवढी. बरोबरीची पोरं अंगणभर पळत होती तेव्हा मुंगी बूड टेकून बसायची, फार तर रांगायची. हातपाय काटक्यांसारखे, पोट मात्र पुढे. नर्सबाईने झोळीत घालून तिचं वजन केलं, मान हलवली आणि म्हणाली, "हिला रोज एक अंडं द्या. तुमच्याकडं तर घरचीच आहेत."

आत्याला हे आधीच सुचलं नाही याची लाज वाटली. इतकी वर्षं अंडी दुकानात गेली, पाहुण्यांच्या ताटात गेली, आणि घरातलं लेकरू उपाशी राहिलं असं तिला वाटून गेलं. त्या दिवसापासून पहिलं अंडं मुंगीचं. मग कुणीही येवो. व्याही आले तर त्यांच्यापुढे नुसता चहा ठेवला. गवंडी म्हणाला, "अगं, काय म्हणतील ते?" आत्या म्हणाली, "म्हणू देत. त्यांचं वजन भरपूर आहे."

उकडलेलं अंडं मऊ भातात कुस्करून आत्या स्वतः भरवायची. मुंगी खायचीही मजेत. पण वजन काही वाढेना. चार दिवस बरी, की पुन्हा जुलाब. कमावलेलं सगळं त्यात वाहून जायचं. सून रडकुंडीला आली.

"आत्या, तिला अंडंच पचत नसेल. बंद करू या."

आपणच हट्टाने भरवतोय आणि आपल्याच हाताने पोरीचं वाईट होतंय की काय, या विचाराने तिचं जेवणावरून मन उडालं.

तेवढ्यात नर्सबाई घरी आली. दारातून आत पाऊल टाकलं आणि ते तिथेच अधांतरी धरून उभी राहिली, कारण खाली कोंबडीची विष्ठा होती. तिने खाटेखाली पाहिलं. मग जमिनीवर रांगणाऱ्या मुंगीकडे पाहिलं.

"आत्या, अंडं बंद करू नका," ती म्हणाली. "कोंबड्या बाहेर काढा. ही घाण पोरीच्या हाताला लागते, हातातून पोटात जाते. वरून कितीही भरा, बुडाला भोक असल्यावर हंडा भरेल कसा?"

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्या कोंबड्यांवर आळ घेऊ नका. त्यांच्याच जिवावर पोरीचं अंडं चाललंय. आणि मी रोज झाडते!"

नर्सबाईने वाद घातला नाही. हात साबणाने धुवायला सांगून ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या खाटेवर बसून राहिली, नुसती बघत. नर्सबाई कशी चुकीची आहे हेच तिला बघायचं होतं. कोंबड्या अंगणात गेल्या. आत्याने झाडून घेतलं. एक कोंबडी परत आत आली, फिरली, गेली. मुंगी तिच्यामागे रांगत निघाली, मध्येच थांबली, जमिनीवरचं काहीतरी चिमटीत उचललं आणि तोंडात घातलं. आत्याने झेप घेऊन बोट घालून ते काढलं. बोटाला कोंबडीची विष्ठा लागली होती. इतके दिवस हे तिच्या डोळ्यांदेखत चाललं होतं.

संध्याकाळी तिने भावाला गाठलं. "मला खुराडं बांधून दे. पक्कं. रानमांजराचा पंजासुद्धा आत जायला नको."

"करू की," गवंडी म्हणाला.

आठवडा गेला. "करू की" तसंच राहिलं. विटा होत्या, वाळू होती, फक्त मुहूर्त नव्हता. मग आत्याने बांबूचं मोठं डालगं घेतलं, एकेक करून सगळ्या कोंबड्या त्यात घातल्या आणि गवंड्याच्या खोलीत नेऊन सोडल्या. त्याची खोली पडवीच्या टोकाला, दार वेगळं, मुंगी तिकडे फिरकत नसे. गवंडी आडवा झाला होता. खाटेखालून खुडखुड ऐकून तो उठून बसला.

"हे काय गं?"

"तुझं खुराडं होईपर्यंत पाहुण्या आहेत," आत्या म्हणाली. "कोंबडा जरा लवकर उठतो, सांभाळून घे."

कोंबडा उजाडायच्या कितीतरी आधी उठला आणि गवंड्याच्या कानाशीच आरवला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी गवंडी तांबारलेल्या डोळ्यांनी अंगणात पाया खणत होता.

पण एकदा थापी हातात घेतली की तो माणूस कुचराई करायचा नाही. जमिनीपासून उंच ओटा, वर विटांच्या भिंती, पुढे बारीक जाळी, दाराला बाहेरून कडी. आणि वर गुळगुळीत गिलावा! सुनेने विचारलं, "मामंजी, आता घराला कधी?"

"करू की," तो म्हणाला.

पहिल्या संध्याकाळी कोंबड्या सवयीने उंबऱ्याशी आल्या. तिथे आता फळी आडवी लावलेली होती. त्या माना वाकड्या करून आत्याकडे बघत राहिल्या. आत्याला भरून आलं. एकेकीला उचलून तिने खुराड्यात ठेवलं, कडी लावली, ओढून पाहिली, परत येऊन पुन्हा ओढून पाहिली. घरात कुणाच्याच खाटेखाली आता आवाज नव्हता. रानमांजराच्या त्या रात्रीनंतर कोंबड्या पहिल्यांदाच घराबाहेर होत्या.

सकाळी ती धावत गेली तर सगळ्या जागेवर होत्या, वर उशीर झाला म्हणून कटकट करत होत्या.

घरातली जमीन तिने घासून काढली. मुंगीचे हात जाता-येता धुवायचे, भरवणाऱ्यानेही धुवायचे, हा नवा कायदा झाला. गवंडीसुद्धा त्यातून सुटला नाही. जुलाब आधी कमी झाले, मग थांबले. अंडं चालूच होतं. मुंगी मात्र रुसली होती. कोंबड्या आता तिच्याकडे येत नव्हत्या, आणि फळीशी बसून ती त्यांच्या दिशेने हात नाचवायची.

एका सकाळी आत्या खुराड्यातून अंडी काढत होती. फळी लावायची राहिली होती. मागे खसफस झाली म्हणून वळून पाहिलं तर मुंगी उंबरा ओलांडून रांगत खुराड्यापाशी पोचली होती. तिने ओट्याची कड धरली, मग वर जाळी धरली, आणि लटपटत, बूड मागे काढून, उभी राहिली. आतली कोंबडी आणि ती, नाकाला नाक.

आत्याच्या ओच्यात अंडी तशीच, आणि डोळ्यांतून पाणी वाहतंय.

मुंगीने जाळीवरचा एक हात सोडला आणि थेट तोंडाकडे नेला.

"हात!" आत्या रडता रडताच ओरडली. अंडी ओट्यावर ठेवून तिने मुंगीला पटकन उचलून काखेत मारलं आणि नळाकडे निघाली. अर्ध्या वाटेत कमरेत अशी कळ आली की तिला थांबावं लागलं. तिने मुंगीला खाली ठेवलं, पुन्हा उचलून पाहिलं, आणि घरादाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अगं बाई, जड झालीस की गं!"