आंबट संत्र्यांचं कॉकटेल

संत्र्याची साल सोलली की राजापेठेतल्या घरातली ती दुपार आठवते. व्यापाऱ्यानं आंबट म्हणून नाकारलेली आमच्या बागेतली संत्री पोतंभर घरी आणून बाबा तोंड पाडून बसले होते. माझ्या कॉकटेलच्या पुस्तकात मात्र रमसोबत आंबट संत्र्याचाच रस सांगितला होता! मी बर्फ फडक्यात बांधून बत्त्यानं फोडला, खोकल्याच्या औषधाच्या झाकणानं रम मोजली आणि सगळं स्टीलच्या डब्यात घालून जोरजोरात हलवलं. “चांगल्या रमची वाट कावून लावून राहिली वं?” बाबा करवादले. मग मी पुढे केलेल्या ग्लासातला एक घोट त्यांनी घेतला, आणि ग्लास रिकामा करूनच खाली ठेवला. “गोड संत्र्याले जमलं असतं काय हे? अजून कर!” आजही गाडीवाला ‘एकदम गोड हाय’ म्हणाला, की मी पुढच्या गाडीकडे वळते.