शिवकांताबाई आणि शून्य एफ

उस्मानाबादेत सत्त्याऐंशीचा उन्हाळा म्हणजे टँकरचा उन्हाळा. तंत्रशाळेच्या फाटकाशीही घागरींची रांग लागायची. अशात रेडिओ विभागात एक खोकं आलं आणि थेट कपाटात बंद झालं. आत मायक्रोप्रोसेसरचं किट होतं. विभागप्रमुख बब्रुवान सरांनी बजावलं, "महागाची चीज हाय. कुणी हात लावायचा न्हाय."

शिवकांताबाई त्या विभागात शिकवायच्या. वय सत्तावीस, मूळच्या मुरूमच्या. वडील गुरुसिद्धप्पांचं तिकडं धान्याचं दुकान होतं. आप्पा थकले तसं बाईंनी त्यांना आपल्याजवळ आणलं. हात न लावता यंत्र शिकवायचं कसं, हे काही बाईंना पटेना. 'बिघडलं तर मी जबाबदार' असं लिहून दिलं, तेव्हा कुठं किल्ली हातात आली.

वीज जोडली, पण आकडे दिसायची काच काळीच. बाईंनी बटण बंद करून एकेक चिप चाचपली. एक चिप प्रवासात खोबणीतून उचकटली होती. अंगठ्यानं दाबून नीट बसवली, पुन्हा बटण लावलं आणि काचेवर लाल अक्षरं उजळली. बाई एकट्याच हसल्या.

पुढं आठवडाभर इंग्रजी पुस्तक आणि त्या. प्रत्येक हुकुमाची खूण बटणं दाबून भरायची. मधेच लाईट गेली की सगळं पुसलं जायचं, पुन्हा पहिल्यापासून. लाईट तर दिवसातून तीनदा जायची. शेवटी पाच आणि चार मिळवून काचेवर नऊ आले, तेव्हा त्यांनी सगळ्यांना बोलावलं.

"आता आठ अन् सात घाला," सर म्हणाले.

काचेवर आलं, 0F.

"पंधरा कुठं हायेत? हे तर एफ दाखवतंय!" सगळे हसले. "बिघडलंय. परत पाठवा."

"सर, बरोबरच हाय ते. पुस्तकात तसंच दिलंय."

"मग सांगा की, का ते!"

बाईंना ठाऊक होतं, पण सांगायला शब्द सापडेनात. घरी जेवताना आप्पांनी विचारलं, "कांता, घास का अडलाय?"

"आप्पा, ते यंत्र दहावर थांबत न्हाय. नवानंतर ए, बी करत एफपर्यंत जातं. सोळा झाले की मग एकावर शून्य."

आप्पांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "मग त्यात काय लई मोठं? आमच्या दुकानात सोळा छटाकांचा शेर होता. पंधरा छटाक झाले तरी शेर न्हाय. सोळावा पडला की एक शेर, वर शून्य छटाक. तुजं यंत्र जुन्या मापानं मोजतंय, एवढंच!"

दुसऱ्या दिवशी बाईंनी सरांसमोर आठ आणि आठ मिळवले. काचेवर दहा आले. "सर, हे दहा न्हाईत. एक शेर, शून्य छटाक. अन् कालचं एफ म्हणजे पंधरा छटाक."

सरांचं बालपण तेर गावच्या बाजारात, शेर-छटाकांतच गेलेलं. स्वतःच पुढं होऊन त्यांनी नऊ आणि नऊ घातले, काचेवर बारा आले तसं बोटांवर मोजलं आणि मोठ्यानं म्हणाले, "एक शेर, दोन छटाक! बाई, पुढल्या सालापासून हा विषय तुम्हीच शिकवायचा."

शिकवता शिकवता दीड वर्ष गेलं. जवळच्या एका दूध सोसायटीत थंड टाकी कधी गरम व्हायची ते कळत नसे, दूध नासायचं. बाईंनी त्याच किटवर हुकूम रचले, लाईट गेली तरी ते पुसू नयेत म्हणून बॅटरी जोडली: टाकी तापली आणि दहा मिनिटांत निवली नाही, तर भोंगा वाजायचा. बसवल्यावर चौथ्याच दिवशी भर दुपारी तो वाजला. माणसं धावली, टाकी थंड ठेवणारं बंद पडलेलं यंत्र चालू झालं, दूध वाचलं.

सोसायटीच्या सभेत, भोंगा बसवताना परगावी असलेले चेअरमन हरिबा उठून म्हणाले, "हे कुण्या साहेबानं बसवलं?"

मागच्या बाकावरून, बाईंसोबत आलेले आप्पा काठी टेकत उभे राहिले.

"साहेब न्हवं. माजी पोरगी हाय ती."

बाईंनी मान खाली घातली, पण हसू काही लपलं नाही.