तेविसावा दिवस

लग्नाला सहा वर्षं झाली तरी माझी कूस उजवली नव्हती. तेव्हा मला बारामतीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं ते माझ्या सासूनं. सासूला मी आत्या म्हणायची. आमचं गाव इंदापूरच्या अलीकडं. मालक साखर कारखान्यात कामाला, चौघांत मिळून एक खोली, म्हणून मी गावीच राहायची. त्यांना महिन्यातून दोनच दिवस रजा मिळे. पाळी आल्यापासून चौदावा दिवस धरायचा, असं कुणीतरी जाणत्यानं सांगितलेलं. मालक तो दिवस गाठून यायचे आणि दर खेपेला निराशाच पदरी पडायची. भावकीत दुसऱ्या लग्नाची कुजबुज आत्यांच्या कानावर गेली. सकाळीच म्हणाल्या, "लुगडं बदल. एष्टीनं बारामतीला जायाचंय."

डॉक्टरीणबाई पुण्याच्या, बोलायला तुटक. तपासून म्हणाल्या, दोष काहीच नाही. मग विचारलं, "पाळी किती दिवसांनी येते?"

"सदतीस. कधी छत्तीस."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग चौदावा दिवस तुला कुणी दिला? तो अठ्ठावीस दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचा."

मी सातवी पास आहे हे कळल्यावर त्यांनी कागद ओढला आणि चित्र काढलं. मेंदूच्या खाली हरभऱ्याएवढी एक गाठ. ती रक्तातून निरोप पाठवते, म्हणजे हार्मोन. त्या निरोपानं ओटीपोटातल्या बीजकोशात एक बीज पाण्याच्या बारीक फोडात वाढायला लागतं. वाढता वाढता तो फोडही आपला हार्मोन रक्तात सोडतो. तो हार्मोन पुरेसा वाढून दोन दिवस टिकला, की वरच्या गाठीला कळतं, खाली तयारी झाली. मग ती एकदम मोठा लोंढा सोडते आणि दीड दिवसाच्या आत फोड फुटून बीज बाहेर पडतं.

"बीज जगतं जेमतेम एक दिवस," बाई म्हणाल्या. "पुरुषाचं बीज टिकतं फार तर तीन-चार दिवस. तुझं सावकाश पिकतं, एवढंच. नवरा येऊन जातो आणि ते मागाहून सुटतं."

मी त्या कागदाकडं बघतच राहिले. सहा वर्षं मी स्वतःला वांझ समजत होते आणि माझ्या अंगात दर खेपेला एवढा कारभार बिनबोभाट चाललेला!

नक्की दिवस कळावा म्हणून त्यांनी एक थर्मामीटर आणि चौकटीचे कागद दिले. रोज पहाटे अंथरुणातून उठायच्या आधी नळी जिभेखाली धरायची, आकडा लिहायचा. बीज सुटल्यावर रिकामा फोड दुसरा हार्मोन सोडतो, त्यानं अंग किंचित तापतं, आणि दिवस गेले नाहीत तर पाळीच्या वेळी पुन्हा निवतं. "पारा चढलेला दिसला म्हणजे बीज सुटून गेलेलं असणार. म्हणून तीन पाळ्या नुसतं लिही. घाई नको."

सुनेनं पहाटे अंथरुणात पडून राहायचं म्हणजे घरात आक्रितच. पण आत्यांनी माझं शेणघाण, धारा सगळं अंगावर घेतलं. मी हलले की गोठ्यातून ओरडायच्या, "आदी नळी लाव, मग पाय खाली टाक!"

शेजारणीनं एकदा ती नळी पाहिली आणि गावभर झालं, हिला क्षय झालाय. विहिरीवर बायका माझ्यापासून घागर लांब धरायला लागल्या. मी रडत घरी आले. आत्यांनी थर्मामीटर उचलला, मला हाताला धरून विहिरीवर नेलं आणि सगळ्यांच्या देखत तो स्वतःच्या तोंडात घातला. दोन मिनिटं तशाच कमरेवर हात ठेवून उभ्या. मग काढून म्हणाल्या, "बघा, मला बी झाला का क्षय? आता कुणाला लावायची?" हसू फुटलं, आणि घागरी पुन्हा शेजारी आल्या.

तिन्ही खेपेला चोविसाव्या दिवसाच्या आसपासच पारा सत्त्याण्णव पॉइंट चारवरून अठ्ठ्याण्णववर गेला. म्हणजे बीज तेविसाव्याला सुटत होतं. मी मालकांना पत्र लिहिलं, आता रजा चौदाव्याऐवजी एकविसाव्या दिवसापासून घ्या. कारण लिहायची लाज वाटली. ते बिचारे काही न विचारता आले.

त्या खेपेला नाही, पुढच्याही नाही. तिसऱ्या खेपेला पारा चढला आणि उतरलाच नाही. आत्या रोज विचारायच्या, "आज बी तितकाच?" अठरा दिवस झाले, वीस झाले. आम्ही दोघी पुन्हा एष्टीत बसलो.

बाईंनी कागद उजेडाकडं धरला, मला तपासलं, आणि पहिल्यांदाच मी त्यांना हसताना पाहिलं. "दिवस गेलेत," त्या म्हणाल्या. "हा कागद मला देशील? तुझं नाव कापून टाकते. दुसऱ्या बायकांना दाखवायला लागेल." मी दिला.

आत्या मात्र उठेनात. भिंतीवर तसंच एक चित्र टाचलेलं होतं, त्यातल्या हरभऱ्यावरून खाली बीजकोशापर्यंत त्यांनी बोट फिरवलं. "बाई, माझ्या पोटात बी हे आसंच होत हुतं का?"

"हो आजी. दर महिन्याला."

आत्या पदर सावरत म्हणाल्या, "सात लेकरं झाली मला. अन् ह्यातलं काय बी ठावं न्हाय."